पाच शेर मोरचूद आणि तीन गाड्या करवंट्या

मोरचूद विहिरीत पडलं तेव्हा मी विहिरीच्या काठावर नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. मी तिथून चांगला आठ हात लांब, फणसाच्या सावलीत उभा राहून सूचना देत होतो. सूचना देणारा आणि प्रत्यक्ष हात लावणारा यांत फरक असतो, आणि रत्नागिरीच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं दप्तर सांभाळल्यावर तो फरक मला चांगला कळतो. आमच्या आळीत तो कोणालाच कळला नाही. आळीच्या मते मोरचूद आप्पाने पाडलं. आप्पा म्हणजे मी.

साल एकोणीसशे एकतीस, वैशाख अर्धा झालेला. आमच्या आगरात चौदा पोफळी आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्या कोवळ्या सुपाऱ्या कोळेरोगाने कुजून पटापट गळतात. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून पावसाआधी घडांवर मारलं की रोग लागत नाही, असं मी एका छापील पत्रकात वाचलं. छापलेल्या कागदावर माझा विश्वास चटकन बसतो. नोकरीचा परिणाम. मी पाच शेर मोरचूद आणलं आणि शिवाला बोलावलं. शिवा आमच्या भागातल्या सगळ्या माडांवर चढतो आणि वर गेल्यावर सगळ्यांच्या आगरांबद्दल मत देतो. त्याने मोरचुदाची पिशवी विहिरीच्या कठड्यावर ठेवली.

"शिवा," मी म्हणालो, "पिशवी जरा डावीकडे सरकव."

शिवा माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याची डावी बाजू आणि माझी डावी बाजू या दोन वेगळ्या दिशा आहेत हे माझ्या ध्यानात आलं तोवर पाण्याचा आवाज येऊन गेला होता. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. आत निळी रेघ उमटली, ती रुंद झाली, आणि बघता बघता सगळ्या पाण्यावर मोराच्या मानेचा रंग चढला.

"रंग झाक आला ओ, आप्पानु," शिवा म्हणाला.

विहीर माझ्या एकट्याची असती तर मी ती गुपचूप उपसली असती आणि ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. पण विहीर दोन आगरांच्या बांधावर होती. निम्मी माझी, निम्मी शेजारच्या रावजीअण्णांची. कुठली निम्मी कोणाची हे वाडवडिलांनी ठरवलं नव्हतं, त्यामुळे मोरचूद माझ्याच निम्म्यात पडलं असं म्हणायचीही सोय नव्हती. रावजीअण्णा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. तार वाचून दाखवावी तसं ते मोजकं बोलत. आमचा वीस वर्षांचा शेजार, आणि संध्याकाळी त्यांच्या ओटीवर बसून एक पान खाल्ल्याशिवाय मला जेवण जात नसे.

मी गेलो तेव्हा ते मुलीच्या लग्नाच्या याद्या करत बसले होते. बकुळाचं लग्न बारा दिवसांवर आलेलं, वऱ्हाड राजापूरहून यायचं होतं. मी सगळं सांगितलं. फक्त डावीकडे की उजवीकडे तो भाग गाळला.

रावजीअण्णांनी चष्मा काढला. "उपसली तर?"

"वैशाखातला झरा. करंगळीएवढी धार. पाऊस पडेपर्यंत भरायची नाही."

"आणि नाही उपसली तर?"

"तर ते पाणी पिता येणार नाही. तांब्याचं विष आहे ते."

त्यांनी यादीखालून एक पत्र काढून माझ्यासमोर धरलं. नवऱ्या मुलाचे काका काशीरामपंत यांनी राजापूरहून लिहिलं होतं की आपण बाहेरून आणलेलं पाणी पीत नाही, यजमानाच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी लागतं, तरी तशी व्यवस्था असावी. "खेडला एका लग्नात," रावजीअण्णा म्हणाले, "पाणी शेजारच्या विहिरीचं आहे असं कळल्यावर हे गृहस्थ भरल्या ताटावरून उठले. त्यांच्यामागून सगळं वऱ्हाड उठलं. ती मुलगी अजून घरी आहे."

एवढं बोलून त्यांनी चष्मा घातला आणि पुन्हा यादी लिहायला घेतली. पान पुढे केलं नाही. रागावले असते, ओरडले असते तर मला सोसलं असतं. घरी आलो तरी मला बसवेना. ओटीवरून परसात, परसातून विहिरीवर, विहिरीवरून पुन्हा ओटीवर. आमच्या हिने दोनदा विचारलं काय हरवलंय म्हणून.

सकाळपर्यंत बातमी आळीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. रावजीअण्णांच्या मोठ्या बहीण चिमाताई म्हणाल्या, चिंच लावली की तांबं लख्ख होतं, तेव्हा विहिरीत पाच शेर चिंच सोडावी. चिंचेने भांडं साफ होतं, पाणी नव्हे, हे मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग मोरचूद सोडताना कुठे गेलं होतं हे शहाणपण?" एकाने निवळीच्या बिया उगाळून घालायला सांगितल्या. एकाने पाण्याला माझी साडेसाती लागल्याचं सांगितलं. म्हणजे मला पाण्याची नव्हे, पाण्याला माझी.

त्यातच रात्रभर विहिरीत सोडलेली लोखंडी बादली शिवाने वर काढली तर तिच्या अंगावर लालसर तांबं चढलेलं. "बादली तांब्याची झाली ओ!" असं तो ओरडला आणि तास-दीड तासात आमच्या बांधावर पंधरा माणसं कोयते, कुऱ्हाडी आणि दाराच्या कड्या घेऊन हजर झाली. हे नुसतं वरचं पूट आहे, आत लोखंडच आहे, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. त्यांना वाटलं, आप्पाला तांबं एकट्याला पाहिजे. त्या गर्दीत रावजीअण्णांचा अळवाचा वाफा तुडवला गेला. लग्नातल्या फदफद्यासाठी राखलेला.

दुपारी मी जुन्या मासिकांचा गठ्ठा सोडला. उपाय शोधायला नव्हे, कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. आणि तिथे मला तो लेख सापडला. महायुद्धात विषारी वायू सोडत तेव्हा सैनिकांच्या मुखवट्यांत नारळाच्या करवंट्यांचा कोळसा भरत. साधा कोळसा नाही चालत. तो लाल तापवून त्यातून पाण्याची वाफ न्यायची. मग त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पडतात आणि पाण्यातला रंग, वास, धातूचे अंश, जे सापडेल ते तो धरून ठेवतो. करवंट्यांसारखीच सुपारीची सालं आणि भाताचं तूसही चालतं, असं तळटीपेत होतं. करवंट्या, सालं आणि तूस! रत्नागिरीत याखेरीज दुसरं आहे काय?

मी धावत रावजीअण्णांकडे गेलो. "साधा कोळसा निजलेला असतो," मी म्हणालो, "त्याला जागा करावा लागतो."

"तो जागा होईपर्यंत मला झोप नाही," रावजीअण्णा म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत. काशीरामपंत आणि त्यांच्या पंक्तीची वीस मोठी माणसं, एवढ्यांच्या पिण्यापुरतं पाणी मी आमच्याच विहिरीतून शुद्ध करून द्यायचं आणि स्वयंपाकाचं, हात धुवायचं पाणी इतर विहिरींवरून गाडीने आणायचं, असं ठरलं. मी शब्द दिला. लग्नाच्या कामाला तिथे आलेली आमची ही दाराआडून ऐकत होती. तिने कपाळाला हात लावलेला मला दिसला, पण मी पाहिलं नसल्यासारखं केलं.

घरातल्या करवंट्या मागितल्या तेव्हा ती म्हणाली, "बंबाखाली काय घालू? तुमचं मासिक?" म्हणून मी कचेरीत आणि देवळात बोलून ठेवलं की आत्मारामपंतांना, म्हणजे मला, करवंट्या हव्या आहेत. कोकणातला माणूस देऊ लागला की थांबत नाही. तीन गाड्या आल्या. करवंट्यांबरोबर नारळाची चोडं आली, मोडक्या टोपल्या आल्या, एकाने तर बिनपायांची खाट आणून टाकली. मिऱ्या बंदरावरची हौसा मासे घेऊन आमच्या आळीतून नुसतीच पुढे जाई. ती त्या दिवशी थांबली. "आप्पानु, करवंट्या व्हयात म्हनं तुमाला?" म्हणत तिने तीन टोपल्या ओतल्या. करवंट्या उत्तम, जाड, काळ्याभोर. फक्त त्या टोपल्यांत आधी सुकट होती. पुढले चार दिवस आमच्या घरातून देवपूजेच्या वेळी जो वास येत होता त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

परसात खड्डा खणला, करवंट्या रचल्या, वर माती आणि जांभ्याचे चिरे टाकून पेटवलं. धूर वर जावा अशी माझी अपेक्षा होती. वारा समुद्रावरचा. धूर जमिनीलगत सरपटत बांध ओलांडून रावजीअण्णांच्या अंगणात गेला. तिथे बायकांनी चार दिवस खपून लाटलेले चारशे पापड वाळत होते. तास-दीड तासाने चिमाताई त्यांतला एक घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी आधी ओळखलंच नाही तो पापड आहे म्हणून.

"हा तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या. "कोळशात घाला."

रावजीअण्णांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं तर शिवाकरवी सांगत. शिवा माडावर असला तर तो खाली उतरेपर्यंत आम्ही दोघे बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून वाट पाहायचो.

धुराची तक्रार झाली. कोणी केली हे मी विचारलं नाही. आरोग्य खात्याचा एक इन्स्पेक्टर आला. माणूस सज्जन होता. राहत्या वस्तीत काही जाळायचं तर परवाना लागतो, म्हणाला, आणि अर्ज पुढे केला. अर्जात तीनच सदरं होती: चुन्याची भट्टी, विटांची भट्टी आणि मयत. चुना आणि विटांना वस्तीत बंदी. "तेव्हा तिसऱ्यातच बसवू," तो म्हणाला. मी आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासत आलो. सदरात न बसणारी गोष्ट सदरात बसवणं हेच आमचं काम. तरी 'मयताचे नाव' यापुढे 'करवंट्या' आणि 'अर्जदाराशी नाते' यापुढे 'शेजाऱ्यांकडून आणलेल्या' असं लिहिताना मी टाक दोनदा दौतीत बुडवला.

कोळसा झाला. लग्नाला पाच दिवस राहिले होते. आता वाफ. वाफेसाठी मी आमचा बंब घेतला. पाण्यातून तांबं काढायला तांब्याचाच बंब घ्यावा लागला, याला इलाज नव्हता. बंबाच्या झाकणाची फट कणकेने लिंपली, वरून वरवंटा ठेवला आणि बांबूच्या नळीने वाफ लाल कोळशाच्या डब्यात सोडली. काही डबे झाले, मग ओला बांबू फुगून बसला. वाफेला वाट राहिली नाही. मी झाकणाजवळ कान नेणार एवढ्यात आमची ही ओरडली, "अहो, इकडे या आधी!" आणि त्या दोन पावलांनी मी वाचलो. असा आवाज झाला की देवळातली कबुतरं उडाली. झाकण बांध ओलांडून रावजीअण्णांच्या नव्या मांडवात गेलं आणि झावळ्यांत गोल भोक पाडून तिथेच अडकलं. मी नखशिखान्त काळा झालो होतो. ही माझ्या अंगाखांद्यावरून हात फिरवून हाडं मोजत होती आणि रडत रडत मला नाही नाही ते बोलत होती.

त्या वर्षी सरकारचा जीव घाबरा होता. आदल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात शिरोड्याला लोकांनी मीठ उचललं होतं. अशात वस्तीत स्फोट झाला म्हटल्यावर फौजदार येणारच. ते दोन शिपाई घेऊन आले. मी तोंड धुवायच्या आत आले, हे माझं दुर्दैव.

"हे काय आहे?" पोत्याकडे काठी रोखून त्यांनी विचारलं.

"कोळसा, साहेब."

"कशासाठी?"

"पाण्यासाठी."

"कोळसा पाण्यासाठी?"

"साधा नाही, साहेब. हा जागा केलेला कोळसा."

जागं करणं हा शब्द त्या वर्षी सरकारी माणसासमोर काढण्यासारखा नव्हता. फौजदारांनी वही उघडली. "कोणाकोणाला जागं करताय तुम्ही?"

मी सरकारी नोकर, पेन्शनला अकरा महिने राहिलेले. घराची झडती झाली. घरात गंधक आहे का असं विचारल्यावर आमची ही सरळ मनाने म्हणाली, "आहे हो, ह्यांच्या खरजेचं." कोळसा सापडला, गंधक सापडलं. आता सोरा सापडला की बंदुकीची दारू पूर्ण. शिपाई बांध ओलांडून रावजीअण्णांच्या घरी गेले आणि स्वयंपाकघरातून पांढऱ्या खड्यांची पुरचुंडी घेऊन आले.

"पापडखार आहे तो!" चिमाताई मागून धावत आल्या. त्या पुन्हा चारशे पापडांचं पीठ कांडत होत्या. "ह्या आप्पाने पहिले पापड जाळले म्हणून दुसरे करतेय. विश्वास नसेल तर लाटी खाऊन पाहा."

फौजदारांनी तेल लावलेली पापडाची लाटी तोंडात टाकली. थोडा वेळ विचार केला. आणखी एक मागितली. तिसरीनंतर ते पापडखाराबद्दल निःशंक झाले, माझ्याबद्दल मात्र नाही. त्यांनी रावजीअण्णांना बोलावलं.

"ह्या गृहस्थांना तुम्ही ओळखता?"

रावजीअण्णा पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. माझं काळं तोंड, फाटलेलं धोतर, हातातला बांबूचा तुकडा. त्यांच्या मांडवाला भोक पडलं होतं, पापड जळले होते, अळू तुडवलं गेलं होतं, विहीर निळी होती. नुसतं "हा असं का करतो, मला ठाऊक नाही" एवढं ते म्हणाले असते तरी माझी पेन्शन गेली असती.

"वीस वर्षं ओळखतो," रावजीअण्णा म्हणाले. "साहेब, ह्याला पोफळीवर औषध मारायचं तर ते विहिरीत पडतं. बंबात पाणी तापवायचं तर झाकण माझ्या मांडवात येतं. हा माणूस सरकार काय उलथणार? ह्याने उलथायचं मनात आणलंच, तर ते ह्याच्या स्वतःच्याच अंगावर पडेल. लिहून घ्या. मी सही करतो."

फौजदारांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. मग मला वाचून दाखवला आणि 'वरील मजकूर बरोबर आहे' याखाली माझीही सही घेतली. तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. इतकं सुंदर अक्षर कधी आलं नव्हतं. त्याची एक नक्कल आमच्या कचेरीत गेली. साहेबांनी ती वाचून मला बोलावलं, एकदा नकलेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जायला सांगितलं.

कोळशाच्या पोत्याला फौजदारांनी लाखेचं सील लावलं. तपासणीचा निकाल येईपर्यंत हात लावायचा नाही, आणि वाहून न्यायला गाडी नाही म्हणून ते पोतं माझ्याच ओटीवर ठेवलं. पहिल्या डब्यातला, स्फोटाआधी वाफ खाल्लेला थोडा कोळसा तेवढा माझ्याकडे सुटा राहिला. पोत्यातला कोळसा जागा होता की निजलेला, याची मला स्वतःलाही खात्री नव्हती. त्यातला काही वाफेत होता, काही नुसता धुरात.

सुटा कोळसा मी सात पाण्यांनी धुतला आणि तीन मडक्यांची उतरंड लावली. वरच्यात विहिरीचं पाणी, मधल्यात कोळसा, खालच्यात वाळू. पाणी थेंब थेंब गळू लागलं. मी त्यासमोर बसलो, उठलो, फेरी मारली, पुन्हा बसलो. संध्याकाळपर्यंत एक तांब्या भरला. रंग नव्हता. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायची ती वेळ नव्हती. घासून लख्ख केलेला एक लोखंडी खिळा मी त्यात सोडला आणि दुसरा विहिरीच्या पाण्यात. विहिरीतला खिळा थोड्याच वेळात लाल झाला. माझ्या तांब्यातला होता तसा राहिला. तास गेला. तसाच. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. ओरडायला बळ नव्हतं.

आता ते पाणी कोणीतरी पिऊन दाखवायला हवं होतं. आळी बांधावर जमली. शिवा म्हणाला, "मी पितंय, आप्पानु." मी नको म्हटलं. भांडं उचलून मी ते एका दमात संपवलं. त्यानंतर दीड दिवस सगळी आळी माझ्याकडे पाहत होती. मी शिंकलो तर चार दारं उघडायची. चिमाताई दर थोड्या वेळाने येऊन जीभ दाखवायला सांगत. आमची ही समोरून हललीच नाही. भाजी निवडत बसली, पण त्या एका जुडीला तिला अर्धा दिवस लागला. मला काहीच झालं नाही. उलट भूक जास्त लागली, त्याचीही चिंता करण्यात आली.

दरम्यान गाळणं थांबवलं नव्हतं; धार जरा मोकळी झाली आणि लग्नापर्यंत रात्रंदिवस गाळून पाच घागरी पाणी झालं. लग्न लागलं. बकुळा गोड दिसत होती, हे मला नंतर सांगण्यात आलं. मी सबंध वेळ मांडवामागे उतरंडीजवळ होतो. शिवा माझ्या शेजारी खिळा घेऊन बसला होता.

पहिली पंगत बसली. काशीरामपंत मधोमध, आणि थोडं पलीकडे फौजदार. रावजीअण्णांनी त्यांनाही निमंत्रण दिलं होतं. लाटीची आठवण म्हणून असेल, किंवा पुढे काही उडालं तर ते समोर असावेत म्हणून असेल. काशीरामपंतांनी पाण्याचं भांडं उचललं. "घरच्या विहिरीचं ना?"

"घरच्याच," रावजीअण्णा म्हणाले.

ते प्यायले. थांबले. मी झावळीच्या फटीतून पाहत होतो. माझ्या हातातला पंखा मोडला ते मला कळलं नाही. काशीरामपंतांनी भांडं पुन्हा पुढे केलं. "वा! काय हलकं पाणी आहे! आमच्या राजापुरात असं पाणी नाही." तिसऱ्या भांड्यानंतर ते शेजाऱ्यांना म्हणाले, "हे पिऊन पाहा हो." मग वीस माणसांचं पाणी साठ माणसं मागू लागली. ज्या करवंट्यांचा हा कोळसा त्यांतल्या काही हौसाच्या सुकटीच्या टोपल्यांतून आल्या होत्या, हे त्या मांडवात मी, आमची ही, शिवा आणि चिमाताई अशा चौघांनाच ठाऊक होतं. चिमाताईंनी पदर तोंडाला लावला होता.

पाच घागरी पहिल्या पंगतीतच संपल्या. शिवाने उतरंडीखालचं नवं पाणी पाहिलं आणि खिळा वर धरला. लाल. मधल्या मडक्यातला कोळसा भरून थकला होता.

तेवढ्यात रावजीअण्णा स्वतः मागे आले. शिवाकडे न पाहता थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, "आत्माराम, दुसरी पंगत बसतेय. सगळे तेच पाणी मागताहेत. कोळसा आहे का अजून?"

"आहे, अण्णा. पण त्यावर सरकारची लाख आहे."

आम्ही दोघे फौजदारांच्या पानासमोर जाऊन उभे राहिलो. ते जिलबी खात होते. ऐकून घेतलं, बोटं चाटली. "सील तोडायचं तर पंचनामा लागेल. दोन पंच लागतील."

"पंच तुमच्या शेजारीच जेवताहेत," रावजीअण्णा म्हणाले.

"कागद?"

"कागद मी आणतो," मी म्हणालो. तीस वर्षांत इतक्या आनंदाने मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पंचनामा लिहिला. पोतं मांडवात आणलं. फौजदारांनी उष्टा उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने लाख फोडली. पंचांनी सह्या केल्या. काशीरामपंत हे सगळं थक्क होऊन पाहत होते.

"हा काय प्रकार, रावजी?"

रावजीअण्णांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "आमच्याकडचा रिवाज आहे. दुसऱ्या पंगतीआधी असं करतात."

काशीरामपंतांनी मान डोलावली. "चांगला रिवाज आहे," ते म्हणाले, आणि हात धुऊन येऊन तिसरा पंच म्हणून स्वतःही सही केली.

पोतं जड होतं. मी ते ओढत मांडवाबाहेर नेऊ लागलो तर मध्येच एकदम हलकं झालं. मागे वळून पाहिलं. रावजीअण्णांनी नवं जरीचं उपरणं कमरेला बांधलं होतं आणि पोत्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी उचललं होतं.

"चल, आत्माराम," ते म्हणाले. "धुवायला मी लागतो."